‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात’

पत्राचा सारांश : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापिकेचे हे पत्र आहे. त्या तासिका तत्त्वावर काम करतात आणि त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. बारावीला चांगले गुण मिळवून प्रथम वर्ष बी.एस्सी.ला आलेली मुले, प्रश्न थोडा वळवून विचारला की गप्प होतात, हे पाहून त्यांनी या सत्रात फळ्यावर सिद्धता उतरवून देणे कमी केले आणि मुलांचे गट पाडून चर्चा सुरू केली. काही आठवड्यांतच ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात’ अशी तक्रार प्राचार्यांकडे गेली. विभागप्रमुखांनी ‘आधी पोर्शन पूर्ण करा, मग प्रयोग करा’ असे सुनावले. त्या विचारतात : ‘मराठी माध्यमातून आलेल्या, पाया कच्चा असलेल्या मुलांना ही पद्धत झेपतच नाही का? मी पुन्हा नोट्स द्यायला लागू, की नोकरीची पर्वा न करता हेच रेटू?’

उत्तर :

मुलांच्या तक्रारीने तुम्ही दुखावल्या गेल्या आहात, हे पत्राच्या ओळीओळीत जाणवते. तरीही आधी हे सांगायला हवे की मुले खोटे बोललेली नाहीत. कोणीतरी फळ्यावर ओळीने लिहीत जायचे आणि आपण ते वहीत उतरवून घ्यायचे, यालाच शिकवणे म्हणतात असे त्यांनी पहिलीपासून बारावीपर्यंत पाहिले आहे, आणि त्या अर्थाने तुम्ही ‘शिकवणे’ खरोखरच कमी केले आहे. त्यात आणखी एक गोष्ट अशी की नीटनेटके व्याख्यान ऐकताना सगळे कळते आहे असे वाटते, आणि स्वतः झगडायची वेळ आली की आपल्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक वर्गांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच मोजून पाहिले गेले. एकच घटक काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यानातून शिकवला आणि इतरांना गटात प्रश्न सोडवायला लावून. चाचणीत दुसरा गट पुढे होता. मात्र ‘तुम्ही किती शिकलात’ असे विचारल्यावर आपण जास्त शिकलो असे व्याख्यान ऐकलेल्यांनाच वाटत होते. याच अभ्यासकांनी यावर उपायही सुचवला आहे : सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्यांना हे सगळे मोकळेपणाने सांगावे. तुम्ही पद्धत बदललीत, पण का बदलली हे मुलांना सांगितल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. त्यासाठी पुढच्या आठवड्यातला अर्धा तास अवश्य द्या आणि या अभ्यासाची गोष्ट मराठीतून, सावकाश सांगा. आपल्याला जड जाते आहे ते आपण ‘ढ’ असल्यामुळे नव्हे, एवढे समजले तरी वर्गातला निम्मा ताण उतरतो.

‘पाया कच्चा’ हे शब्द आपल्या स्टाफरूममध्ये इतक्या सहज फिरतात की त्यांची शहानिशा कोणीच करत नाही. कोकण विभागीय मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात सर्वांत वरचा लागतो. ही मुले अभ्यासात कमी पडणारी नव्हेत. मग ती गप्प का होतात? एक साधा प्रश्न विचारून पाहा. नाणे सरळ वर उडवले आहे, ते हातातून सुटले आहे आणि अजून वर जात आहे. हवेचा विरोध सोडून दिला, तर या क्षणी नाण्यावर कोणकोणती बले आहेत? वर्गातली बरीचशी मुले सांगतील की वरच्या दिशेने हाताचे बल आहे आणि ते हळूहळू संपत चालले आहे, कारण ‘वर जाते म्हणजे वर बल असणारच’. त्यानंतर विचारा की अगदी माथ्यावर, जिथे नाणे क्षणभर थांबते, तिथे त्वरण किती. ‘शून्य’ हे उत्तर येईल, आणि ते देणाऱ्यांमध्ये वेळाच्या सापेक्ष दोनदा विकलन करून त्वरण काढणे तोंडपाठ असलेली मुलेही असतील. त्यांना सूत्र येते. पण त्या सूत्राचा हातातल्या नाण्याशी काही संबंध आहे का, हे त्यांना कोणी कधी विचारलेलेच नसते.

ही स्थिती केवळ आपल्याकडची नाही. १९८५ साली अमेरिकेतील इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनीज यांनी अशाच साध्या प्रश्नांची एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली, जिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला एरवी जसे वाटते तसे लिहू. जगातल्या निवडक मुलांच्या वर्गातही शिकवलेले भौतिकशास्त्र आणि मनातले भौतिकशास्त्र असे वेगळे नांदत असेल, तर मालवण-कणकवलीच्या मुलांच्या माध्यमाला दोष देऊन आपण खरा प्रश्न टाळतो आहोत.

माध्यमाची अडचण खोटी आहे, असे मात्र मी म्हणत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसते, आणि तेव्हापासून त्याचा आवाज बसलेला असतो. नाण्याचा प्रश्न मराठीत विचारला तरी चुकीचे उत्तर तेच येईल, पण मराठीत विचारला तर उत्तर येईल तरी. म्हणून चर्चा मराठीत होऊ द्या, मालवणीत झाली तर अधिकच चांगले. आणि शेवटी पोहोचलेला निष्कर्ष दोन इंग्रजी वाक्यांत वहीत लिहून घ्या, कारण परीक्षा त्या भाषेत आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पाची विनामूल्य सिम्युलेशन्स मराठीतही उपलब्ध आहेत; भ्रमणध्वनीवर ती चालतात आणि विद्युतमंडले, तरंग, प्रक्षेप्याची गती अशा घटकांना फार उपयोगी पडतात.

आता तुमच्या पद्धतीकडे येतो. ‘गट पाडून चर्चा’ असे तुम्ही लिहिले आहे. मात्र चर्चा कोणत्या प्रश्नावर होते, हे लिहिलेले नाही. ‘न्यूटनच्या दुसऱ्या नियमावर चर्चा करा’ असे सांगितले, तर पाठांतर असलेला एक जण बोलतो आणि उरलेले एस.टी.च्या वेळेकडे डोळे लावून बसतात. त्यांना सोडून दिल्यासारखे वाटले असेल, तर तो दोष त्यांचा नाही. माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली रीत याहून बरीच शिस्तीची आहे, आणि महागडी साधने नसलेल्या वर्गातही ती जशीच्या तशी चालते. दहा-पंधरा मिनिटे तुम्ही नेहमीसारखे शिकवा. मग फळ्यावर एकच प्रश्न आणि त्याचे चार पर्याय लिहा. चुकीचे पर्याय मुलांच्या मागच्या उत्तरांतूनच घेतलेले असावेत. मिनिटभर कोणीही कोणाशी बोलायचे नाही. मग प्रत्येकाने अ, ब, क, ड लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा छातीशी धरून दाखवायचा, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही शेजाऱ्याचे पाहून हात वर करता येत नाही. बहुतेकांचे बरोबर असेल तर पुढे चला. अगदी थोड्यांचे बरोबर असेल तर तुम्हीच पुन्हा समजावून सांगा. साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये असेल, तरच ‘वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवून द्या’ असे सांगा, आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पुठ्ठे वर करायला लावा. शेवटी बरोबर उत्तर आणि त्याचे कारण तुम्ही स्वतः स्पष्ट शब्दांत फळ्यावर लिहा. ही शेवटची पायरी गाळू नका. ‘मॅडम शिकवत नाहीत’ ही भावना बहुधा तिथेच जन्मते.

एका तासाला असा एक प्रश्न पुरे, फार तर दोन. यासाठी व्याख्यान सोडावे लागत नाही आणि नोट्सही सोडाव्या लागत नाहीत. म्हणून ‘नोट्स की चर्चा’ अशी निवड तुम्ही स्वतःवर लादून घेऊ नका.

याने खरोखर फरक पडतो का, असे विभागप्रमुख विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे यांत्रिकीच्या संकल्पना-चाचणीतले गुण एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हते, त्यातले सत्राअखेर किती आले, असे त्यांनी मोजले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ होते, तर विद्यार्थ्यांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. पुढे २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात नापासांचे प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के आणि दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. हेक यांच्या आकडेवारीत एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे : जुन्या पद्धतीच्या सर्वच वर्गांत प्रगती कमी होती, पण नव्या पद्धतीचे वर्ग आपसांत बरेच कमीजास्त होते. गट पाडले की काम झाले, असे होत नाही. प्रश्न कसा निवडला यावर पुष्कळ अवलंबून असते. शिवाय हे वर्ग बहुतांशी अमेरिकेतले आहेत, त्यामुळे तुमच्या वर्गात काय घडते ते तुम्हालाच मोजावे लागेल. घटक सुरू करण्यापूर्वी दहा छोटे प्रश्न द्या, उत्तरपत्रिका परत न देता स्वतःकडे ठेवा, आणि घटक संपल्यावर तेच प्रश्न पुन्हा द्या. प्राचार्यांसमोर ठेवायला याहून भक्कम काही नाही.

पोर्शनबद्दल विभागप्रमुखांची काळजी रास्त आहे. विद्यापीठाची परीक्षा कोणासाठी थांबत नाही. परंतु तासातला सर्वाधिक वेळ कुठे जातो ते पाहा. पुस्तकात छापलेली सिद्धता फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत जाते, यात पंधरा-वीस मिनिटे संपतात. त्याऐवजी सिद्धतेची छापील प्रत आधी वाटा, वर्गात फक्त पहिली पायरी, जिथे नवी कल्पना शिरते ती मधली पायरी आणि शेवट एवढेच बोला, आणि उरलेल्या बीजगणिताच्या पायऱ्या घरी भरून आणायला सांगा. मुलांना हवी असलेली ‘वही’ त्यामुळे त्यांच्या हाती राहते. अंतर्गत परीक्षेत निदान एक प्रश्न आकडेमोडीविना, कारण विचारणारा ठेवा. गुण नसलेल्या गोष्टीला मुले वेळ देत नाहीत, आणि आपणही त्यांच्या वयात दिला नव्हता.

प्रात्यक्षिकांचा उल्लेख तुम्ही एका वाक्यात केला आहे, पण मला तिथेच सर्वांत जास्त वाव दिसतो. सीनियरचे जर्नल समोर ठेवून रीडिंग्ज ‘बसवणे’ हा प्रकार आपल्या सर्व महाविद्यालयांत चालतो, आणि आपण सही करून त्याला मान्यता देतो. अकरावीतला साधा लंबकच घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या वीस आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंदाची धरली, तर वेळेत अर्धा टक्का आणि सूत्रात वेळेचा वर्ग येत असल्यामुळे गुरुत्वत्वरणात एक टक्का फरक पडतो. याचा अर्थ प्रामाणिक मुलाचे उत्तर ९.७ ते ९.९ च्या दरम्यान कुठेही यावे, आणि सगळ्या बॅचचे ९.८१ आले तर कोणीच प्रयोग केलेला नाही. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. मग जाहीर करा की ९.८१ ला गुण नाहीत. ‘माझे उत्तर एवढे आले, त्यात एवढी चूक असू शकते, आणि ती मुख्यतः या कारणामुळे’ असे लिहिणाऱ्याला गुण आहेत. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल, पण त्यानंतर मुले स्वतःहून शंभर आंदोलने मोजायला लागतात, कारण मोजणी वाढवली की चूक विभागली जाते हे त्यांना दिसते. नव्या उपकरणांसाठी अर्ज करून वाट पाहण्याची यात गरज नाही. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य ॲप मुलांच्या मोबाइलमधले त्वरणमापक, ध्वनी आणि चुंबकक्षेत्राचे संवेदक प्रयोगासाठी खुले करते, आणि बॅचमागे एक चांगला मोबाइल पुरतो.

किनाऱ्यावरच्या महाविद्यालयाला आणखी एक प्रयोगशाळा फुकट मिळालेली आहे, आणि हे मी गणित शिकवणाऱ्या वाचकांनाही उद्देशून लिहितो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब आपल्याकडे रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या, माणसांना तोंडपाठ असतो : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा नियम वर्गात मांडा आणि तो कितपत बरोबर आहे ते तपासायला सांगा. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच्या तीस तिथींत भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास पुढे सरकून मूळ जागी येते, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. नियमातले पाऊण तास म्हणजे ४५. पौर्णिमेला नियम सव्वाअकरा सांगतो आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण वाजता, म्हणजे एका तिथीत दीड तासाची उडी. ती उडी कुठून आली, हे शोधणारे मूल सरासरी दर, संचयित चूक आणि मॉड्युलो अंकगणित (घड्याळासारखे, फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून मोजणे) एका बैठकीत शिकते. नियमात पाऊणऐवजी चार-पंचमांश घातले तर काय होईल, मग पूर्वजांनी पाऊण का पसंत केले असेल, बंदरागणिक वेळ का बदलते, असे प्रश्न पुढे आपोआप येतात.

गणपतीच्या सुट्टीत वर्ग ओस पडतो, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. त्या सुट्टीतच हे काम द्या. खाडीकाठच्या आणि समुद्राकाठच्या मुलांनी चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत रोज दिवसाच्या भरतीची वेळ आणि जेटीच्या खांबावरची पाण्याची उंची लिहून आणायची. अवेळी भरती आली तर घरातल्या मोठ्यांना विचारायचे, मात्र विचारलेले आणि पाहिलेले वेगळे लिहायचे. नियमाने चतुर्थीचे तीन आणि चतुर्दशीचे साडेदहा येतात, चार-पंचमांशाने सव्वातीनच्या किंचित आधी आणि सव्वाअकराच्या सुमारास; कोणते निरीक्षणाला जवळ आहे ते आलेख काढून ठरवू द्या. या दहा दिवसांत पाणी आधी भांगाकडे (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीकडे) उतरते आणि मग उधाणाकडे (पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीकडे) चढते, त्यामुळे उंचीचा आलेखही बोलका निघतो. तरंगांचे अध्यारोपण शिकवताना हाच आलेख पुन्हा बाहेर काढा. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीचा आवर्तकाल सुमारे १२.४२ तास आणि सूर्यामुळे येणाऱ्या भरतीचा १२ तास. या दोन आंदोलनांचे विस्पंद (बीट्स) किती काळाने येतात ते काढायला लावा. उत्तर सुमारे पावणेपंधरा दिवस येते, म्हणजे एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंतचा काळ. ज्या मुलाच्या घरी होडी आहे, ते मूल त्या दिवशी वर्गात मागे बसत नाही.

नोकरीबद्दल तुम्ही विचारले आहे, तिथे मी शूरपणाचा सल्ला देणार नाही. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाचे पोट तासावर असते, आणि ‘पर्वा न करता रेटा’ असे लांबून सांगणे सोपे आहे. प्राचार्यांकडे स्वतः जा. मुलांची तक्रार खोडून काढू नका. ‘तक्रारीत तथ्य आहे, मी पद्धतीत हे बदल करते आहे’ असे सांगून वर लिहिलेला एका प्रश्नाचा आराखडा त्यांच्यापुढे ठेवा, आणि तो फक्त एका घटकापुरता, आधी-नंतरच्या चाचणीसह, चालवून पाहण्याची परवानगी मागा. विभागप्रमुखांना एका तासाला मागच्या बाकावर येऊन बसण्याची विनंती करा. पोर्शनचे वेळापत्रक लेखी द्या आणि काटेकोर पाळा, कारण पोर्शन मागे पडला तर बाकी काहीही ऐकून घेतले जाणार नाही. इतके करूनही नकार मिळाला, तर व्याख्यान आणि नोट्स त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चालू ठेवा आणि बदल प्रात्यक्षिकांच्या तासांपुरता करा. तिथे बॅच लहान असते आणि पोर्शनचा तगादाही कमी असतो.

एकटीने हे ओढू नका. १९८४ पासून काम करणाऱ्या भौतिकशास्त्र शिक्षकांच्या अखिल भारतीय संघटनेचे, म्हणजे ‘आयएपीटी’चे, सभासदत्व घ्या; पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ती राष्ट्रीय पातळीवर परीक्षा घेते, आणि तिच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत वर्गात विचारण्याजोगे प्रश्न मिळतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवी पातळीसाठी ‘निअस’ हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून देणारा उपक्रम सुरू केला. वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीला त्याची माहिती द्या. गणिताच्या मुलांसाठी १९९३ पासून ‘एमटीटीएस’ (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या कार्यक्रमाची उन्हाळी शिबिरे होत आली आहेत, जिथे शिकवणेच मुळी प्रश्न विचारून चालते. आणि शेजारच्या तालुक्यांतल्या महाविद्यालयांत तुमच्यासारखेच तासिका तत्त्वावर काम करणारे दोघे-तिघे गाठा. प्रत्येकाने आठवड्याला एक चांगला प्रश्न आणि मुलांनी दिलेली चुकीची उत्तरे एकमेकांना पाठवली, तर सत्राअखेर यांत्रिकीपुरता तरी प्रश्नांचा साठा जमेल. तुमच्याकडचे नाण्याचे पुठ्ठे मोजून झाले की पहिला प्रश्न तुम्हीच पाठवा, आणि चुकीच्या उत्तरांची संख्या सोबत कळवायला विसरू नका.